गुलामांचा नोकर : जॉन न्यूटन

जॉन न्यूटन यांची गोष्ट आपल्या शब्बाथशाळांतून पुष्कळदा सांगितली जाते. गुलामांचा व्यापार करणारा एक उर्मट खलाशी भर समुद्रात वादळात सापडतो, देवाचा धावा करतो, त्यातून वाचतो, तो धंदा सोडून पाळक होतो आणि देवाच्या अद्भुत कृपेचे ते जगप्रसिद्ध गीत लिहितो. गोष्ट पाच मिनिटांत संपते आणि मुलांनाही आवडते. पण ती अशी घडलेली नाही. वादळ झाले १७४८ साली, आणि गुलामांच्या व्यापाराविरुद्ध न्यूटन यांनी लेखणी उचलली १७८८ साली. मध्ये चाळीस वर्षे गेली. त्यांतील पहिली सहा वर्षे ते स्वतः त्याच व्यापारात होते, आणि प्रार्थना करीत होते. ही चाळीस वर्षे गाळली म्हणजे गोष्ट सोपी होते खरी, पण तिच्यातून जे शिकायचे तेच निसटून जाते.

दोन मास्तर

जॉनचा जन्म १७२५ साली लंडन येथे झाला. वडील व्यापारी जहाजाचे कप्तान होते. ते पुष्कळदा समुद्रावर असत. आई भक्तिमान व प्रकृतीने नाजूक होती. तिने चौथ्या वर्षीच मुलाला वाचायला शिकवले, शास्त्रातील वचने व गीते पाठ करून घेतली. मुलाने पुढे सुवार्तेचा सेवक व्हावे अशी तिची इच्छा होती. परंतु जॉनला सात वर्षे पुरी होण्याच्या सुमारास क्षयाने तिचा अंत झाला. वडिलांनी दुसरे लग्न केले आणि मुलाची रवानगी एका निवासी शाळेत झाली.

त्या शाळेचा मुख्य मास्तर फार कडक होता. त्याच्या अविचारी शिक्षेमुळे पोराचे मन जवळजवळ मोडून गेले, पुस्तकांची गोडी नाहीशी झाली, आणि येत होते तेही तो विसरू लागला. दुसऱ्या वर्षी तेथे एक दुय्यम मास्तर आला. त्याने मुलाचा स्वभाव ओळखला व त्याला सांभाळून घेऊन शिकवले. तोच मुलगा आता झपाट्याने लॅटिन शिकू लागला. शाळा तीच, मुलगा तोच, फरक फक्त ज्याच्या हाती अधिकार होता त्या माणसात होता. न्यूटन यांनी म्हातारपणापर्यंत हे दोन मास्तर लक्षात ठेवले. आपणांपैकी ज्यांच्यापुढे दर रविवारी दहापंधरा मुले बसतात त्यांनीही लक्षात ठेवावे.

अकराव्या वर्षी वडिलांनी त्याला जहाजावर नेले. वडील वाईट नव्हते, पण त्यांचा धाक असा होता की मुलगा त्यांच्याजवळ कधी मन मोकळे करू शकला नाही.

फटके

१७४४ साली फ्रान्सशी युद्धाचे वातावरण होते. त्या काळी इंग्रजी आरमाराच्या टोळ्या तरुणांना रस्त्यात धरून सक्तीने जहाजावर नेत. जॉन असाच पकडला गेला व ‘हारविच’ नावाच्या लढाऊ जहाजावर गेला. वडिलांच्या वशिल्याने त्याला लवकरच मिडशिपमन हा कनिष्ठ अधिकाऱ्याचा हुद्दा मिळाला. हाताखालच्या खलाशांशी तो मग्रुरीने वागे. याच काळात एका सोबत्याच्या नादाने त्याने देवावरील विश्वासही टाकून दिला.

पुढे जहाज प्लिमथ बंदरात असताना तो पळून गेला. शिपायांनी त्याला पकडून आणले. त्याला बेड्या घातल्या, सर्वांदेखत अंगावरचे कपडे काढून फटके मारले आणि हुद्दा काढून घेऊन साधा खलाशी केले. जुन्या सोबत्यांनी त्याच्याशी बोलूही नये असा हुकूम निघाला. ज्या खलाशांना त्याने कालपर्यंत तुच्छ लेखले होते त्यांच्यात आता तो एकटा पडला. या शिक्षेने तो सुधारला असे झाले नाही. त्याच्या मनात कप्तानाचा खून करण्याचे व मग आपलाही जीव देण्याचे विचार घोळू लागले. जुलमाने माणूस बाहेरून वाकतो, पण आत काय पेटते ते फटके मारणाऱ्याला दिसत नाही.

प्लँटेन बेटावर

मदिरा बेटाजवळ त्याची बदली एका व्यापारी जहाजावर झाली. ते जहाज आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर गुलाम घेण्यासाठी चालले होते. किनाऱ्यावर गुलामांचा व्यापार करून श्रीमंत झालेला एक इंग्रज होता. आपणही असेच श्रीमंत होऊ या आशेने जॉन त्याच्या चाकरीत राहिला. हे ठिकाण म्हणजे सिएरा लिओनजवळची प्लँटेन बेटे.

त्या व्यापाऱ्याच्या घरात एक वजनदार घराण्यातील आफ्रिकन स्त्री पत्नीसारखी राहत होती. तिला हा पोरगा प्रथमपासूनच आवडला नाही. थोड्याच दिवसांत जॉन तापाने आजारी पडला. मालक प्रवासाला निघून गेला आणि त्याला या बाईच्या स्वाधीन केले. निजायला चटई, उशाला लाकडाचा ओंडका, आणि तापाने घसा कोरडा पडला तरी थंड पाणी मिळण्याची पंचाईत. कधी लहर लागली तर बाई आपले जेवण झाल्यावर ताटात उरलेले त्याला पाठवी. एकदा अशक्तपणामुळे त्याच्या हातून ते ताट पडले. पुढे मेजावर पुष्कळ पदार्थ असूनही ती हसली आणि आणखी द्यायला तिने नकार दिला. तो धडपडत चालू लागला म्हणजे ती नोकरांना त्याच्या चालण्याची नक्कल करायला लावी, टाळ्या वाजवायला लावी, त्याच्यावर लिंबे फेकायला लावी. ते हुकमाचे ताबेदार होते. बाईसमोर त्यांना ते करावेच लागे.

पण बाईची पाठ वळली की दुसरेच घडे. तेथे साखळदंडांनी बांधलेले गुलाम होते. त्यांना मिळणारे अन्न त्यांनाच पुरत नसे. त्यातले थोडे काढून ते चोरून या आजारी गोऱ्या पोराला आणून देत. पकडले गेले असते तर त्यांची काय गत झाली असती हे त्यांना ठाऊक होते. त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. जॉन न्यूटन जगला तो त्यांच्या घासांवर.

मालक परत आल्यावर त्याच्यावर चोरीचा खोटा आळ आला. मालक किनाऱ्यावर गेला की त्याला होडीत साखळीने बांधून ठेवी. दिवसभरासाठी थोडासा भात, बस्स. अंगात एकच सदरा उरला होता. तो रात्रीच्या अंधारात खडकावर धुवायचा आणि ओलाच अंगात घालायचा. अशी वर्षभराहून अधिक काळ त्याची दशा होती. पुढे दुसऱ्या व्यापाऱ्याकडे काम मिळून त्याचे बरे चालले असताना, वडिलांच्या विनंतीवरून त्याचा शोध घेणाऱ्या ‘ग्रेहाउंड’ जहाजाने त्याला १७४७ साली उचलले.

वादळ, आणि त्यानंतर

वादळाची हकिगत सर्वांना माहीत आहे. १७४८ च्या मार्च महिन्यात उत्तर अटलांटिक समुद्रात मध्यरात्री लाटांनी जहाजाची एक बाजू फोडली. जॉन तासन्‌ तास पंप मारीत राहिला, आणि हात चालेनासे झाले तेव्हा त्याने सुकाणू धरले. त्या वेळी इतक्या वर्षांनी आईने शिकवलेली वचने त्याला आठवू लागली. चार आठवडे उपासमारीत काढून ते मोडके जहाज आयर्लंडच्या किनाऱ्याला लागले. देवाने आपली प्रार्थना ऐकली याविषयी जॉनला मग कधीही शंका वाटली नाही. तो शिव्याशाप विसरला, शास्त्र वाचू लागला. तो पालट खरा होता.

आता आपण कोणती अपेक्षा करू? ज्याने स्वतः फटके खाल्ले, साखळी भोगली, उष्टे मागून खाल्ले आणि ज्याला साखळदंडातल्या माणसांनी जगवले, तो आता कोणाच्या पायात साखळी घालणार नाही, असेच ना?

त्याच वर्षी तो गुलामांच्या जहाजावर दुय्यम अधिकारी म्हणून पुन्हा आफ्रिकेला गेला. त्या सफरीत २१८ गुलाम घेऊन जहाज निघाले, आणि अमेरिकेतील साउथ कॅरोलिनाला पोचेपर्यंत त्यांतील ६२ माणसे मेली. १७५० साली त्याने मेरी कॅटलेट या मुलीशी लग्न केले. तिच्यावर त्याचे फार प्रेम होते. त्याच वर्षी तो कप्तान झाला आणि १७५४ पर्यंत त्याने कप्तान म्हणून तीन सफरी केल्या.

जहाजाच्या तळमजल्यात माणसे फळीवर पुस्तके लावावीत तशी एकमेकांना चिकटवून निजवीत. उंची पाच फूट, कधी त्याहून कमी, आणि त्यातही मध्ये आणखी एक फळ्यांचा थर. दोन दोन माणसांचे हातपाय एका बेडीत. सकाळी पाहावे तर कधी एकाच बेडीत एक जिवंत व एक मेलेला सापडे. वरती आपल्या खोलीत कप्तान न्यूटन शास्त्र वाचीत, प्रार्थना करीत, पत्नीला लांबलचक प्रेमळ पत्रे लिहीत आणि रविवारी खलाशांसाठी उपासना चालवीत. त्या सफरींतल्यासारखी देवाची गोड संगती आपल्याला क्वचितच लाभली, असे त्यांना पुढे वाटत राहिले.

१७५२ च्या डिसेंबरात गुलाम बंड करणार असल्याचा संशय आला, तेव्हा त्यांनी काही मुलांना बेड्या घालून, अंगठे चिरडणारा लोखंडी चाप लावून त्यांच्याकडून कबुली काढली. कट वेळीच कळला याबद्दल त्यांनी देवाचे आभार मानले. १७५३ च्या जानेवारीत त्यांच्या एका खलाशाने गरोदर गुलाम स्त्रीवर सर्वांसमक्ष बलात्कार केला. कप्तानाने त्याला बेड्या घातल्या व ही गोष्ट नोंदवहीत लिहिली. त्या नोंदीत त्या बाईचे नाव नाही. ८३ हा आकडा आहे.

हे कसे झाले? न्यूटन क्रूर स्वभावाचे होते म्हणून नव्हे. इतर कप्तानांपेक्षा ते बरे होते. शेवटच्या सफरीत तर त्यांच्या जहाजावर एकही माणूस मेला नाही, आणि त्याचे लिव्हरपूलमध्ये कौतुक झाले. पण त्यांच्या हाती पूर्ण सत्ता होती आणि तिच्याविषयी त्यांना प्रश्न विचारणारा कोणीच नव्हता. मालक प्रतिष्ठित होते, कायदा बाजूने होता, शहर त्या पैशावर वाढत होते, आणि त्यांच्या ओळखीच्या ख्रिस्ती माणसांपैकीही कोणी त्यांना थांबवले नाही. बेड्याकुलुपांचे हे तुरुंगाधिकाऱ्याचे काम त्यांना कधी कधी नकोसे वाटे, अधिक माणुसकीचे काम मिळावे अशी ते प्रार्थनाही करीत. तरी हे पाप आहे असे त्यांना दिसले नाही. स्वतः दुःख भोगले म्हणजे माणूस आपोआप दयाळू होतो, असे आपण समजतो. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातील चाकराची गोष्ट वेगळे सांगते. मोठे कर्ज माफ झालेला तो चाकर बाहेर पडताच दुसऱ्याची मानगूट धरतो. सासरी छळ सोसलेली सून पुढे सासू होऊन तेच करते, आणि मार खाल्लेला विद्यार्थी पुढे मास्तर होऊन छडी उचलतो, हे आपणही पाहतो.

१७५४ साली चौथ्या सफरीला निघण्याच्या दोन दिवस आधी न्यूटन यांना अचानक झटका आला व त्यांनी समुद्र सोडला. म्हणजे त्यांची सुटका आजाराने झाली, विवेकाने नव्हे.

मौन सुटले

१७५५ पासून न्यूटन लिव्हरपूल बंदरात जकात खात्याचे अधिकारी होते. १७६४ साली त्यांना दीक्षा मिळाली आणि ओल्नी गावी ते पाळक झाले. लेस विणून कसेबसे पोट भरणाऱ्या गरिबांचे ते गाव. न्यूटन घरोघर जात, मुलांसाठी आठवड्यातून वेगळी सभा घेऊन त्यांना त्यांच्या भाषेत समजावून सांगत. मनाच्या आजाराने खचलेला कवी विल्यम कूपर त्यांच्या शेजारी राहत असे; त्याला त्यांनी भावासारखे सांभाळले. दोघांची गीते १७७९ साली पुस्तकरूपाने निघाली. १७७३ च्या वर्षारंभाच्या उपासनेसाठी न्यूटन यांनी रचलेले कृपेचे ते गीत त्यातच आहे. शाळेतल्या दुसऱ्या मास्तराची रीत आता त्यांच्या हाताला लागली होती.

परंतु गुलामांच्या व्यापाराबद्दल मौन होते. १७६४ साली त्यांनी आपल्या आयुष्याची हकिगत प्रसिद्ध केली, तीत आपल्या इतर पापांबद्दल तीव्र पश्चात्ताप आहे; या व्यापाराचा जाहीर धिक्कार मात्र नाही.

१७८० साली ते लंडनमधील सेंट मेरी वूलनॉथ या मंडळीचे पाळक झाले. (हिंदुस्थानास निघण्यापूर्वी विल्यम कॅरी त्यांना भेटून गेले. त्याच कॅरी यांनी पुढे श्रीरामपूरहून १८०५ मध्ये मराठी भाषेचे व्याकरण व १८११ मध्ये मराठी नवा करार छापला.) १७८५ च्या डिसेंबरात एक तरुण त्यांना गुपचूप भेटायला आला. तो पार्लमेंटचा सभासद विल्यम विल्बरफोर्स होता. वय २६ वर्षे. नव्याने विश्वासात आल्यावर राजकारण सोडावे की काय, या विचारात तो पडला होता. न्यूटन यांनी त्याला पार्लमेंटमध्येच राहण्याचा सल्ला दिला. सत्ता सोडून पळण्यापेक्षा ती दुबळ्यांच्या कामी लावणे हे त्याचे पाचारण होते. १७८७ पासून विल्बरफोर्स व त्यांचे सोबती गुलामांच्या व्यापाराविरुद्ध उभे राहिले.

मग १७८८ साली, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, न्यूटन यांनी आफ्रिकेतील गुलामांच्या व्यापारावर एक लहान पुस्तक लिहिले. आपली ही कबुली फार उशिरा येत आहे, आणि आज जे आठवून काळीज थरथरते त्यात आपला सक्रिय हात होता, हे त्यांनी आरंभीच मान्य केले. पार्लमेंटच्या सभासदांना त्याच्या प्रती पाठवण्यात आल्या.

या पुस्तकातील मांडणी विचार करण्यासारखी आहे. हा व्यापार कोणाकोणाचे नुकसान करतो ते त्यांनी एकेक करून सांगितले. त्यावर काम करणारे इंग्रज खलाशी रोगराईने व हालांनी दर वर्षी मोठ्या संख्येने मरतात. जे वाचतात त्यांची मने दगड होतात. दुसऱ्याचे रडणे ऐकू न येण्याची सवय त्यांना जडते आणि तीच सवय घेऊन ते घरी येतात. आफ्रिकेत युद्धे भडकतात, कारण युद्धकैद्यांना गिऱ्हाईक असते. आणि जहाजावर आलेल्या माणसांचे, विशेषतः असहाय स्त्रियांचे, जे होते ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले लिहिले. हा व्यापार चालला त्या काही शतकांत सुमारे सव्वा कोटी माणसे आफ्रिकेतून जहाजांवर चढवली गेली, आणि त्यांतील पंधरा लाखांहून अधिक वाटेतच मेली, असा आजच्या इतिहासकारांचा हिशेब आहे.

न्यूटन तेवढ्यावर थांबले नाहीत. सरकारी चौकशीपुढे व पार्लमेंटच्या समितीपुढे जाऊन त्यांनी साक्ष दिली. व्यापाराची बाजू घेणारे लोक सांगत, की गुलाम जहाजावर सुखात असतात. त्यांना उत्तर द्यायला तेथे स्वतः कप्तान राहिलेला म्हातारा पाळक उभा होता. स्वतःची अब्रू गेली तरी चालेल, पण खरे सांगायचे, असे त्यांनी ठरवले होते. जक्कयाने लुबाडलेले चौपट परत केले. न्यूटन यांना मेलेली माणसे परत देता येत नव्हती. त्यांच्याजवळ द्यायला सत्य होते, ते त्यांनी दिले.

व्यापारबंदीच्या कायद्याला २५ मार्च १८०७ रोजी राजाची संमती मिळाली. न्यूटन तेव्हा अंध झाले होते, पण ही बातमी त्यांच्या हयातीत आली. त्याच वर्षी २१ डिसेंबरला, ८२ व्या वर्षी, ते देवाघरी गेले. ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी रद्द करणारा कायदा १८३३ मध्ये झाला. कंपनीचा मुलूख त्यातून वगळला होता. हिंदुस्थानात तसा कायदा १८४३ मध्ये आला.

आपल्यासाठी

आपल्या थडग्यावरचा मजकूर न्यूटन यांनी स्वतःच लिहून ठेवला होता. त्यात आपण एके काळी नास्तिक व स्वैर होतो आणि आफ्रिकेत गुलामांचे नोकर होतो, असे ते म्हणतात. कप्तानपदाचा उल्लेख त्यात नाही.

आपणांपैकी कोणी जहाजाचा कप्तान नाही. पण वर्गापुढे छडी घेऊन उभा असलेला शिक्षक, मोलकरणीला वेगळ्या कपात चहा देणारी गृहिणी, पंच कमिटीत दुबळ्याचे म्हणणे बोलण्याआधीच उडवून लावणारा सभासद, धाकट्यांची टवाळी करून इतरांना टाळ्या वाजवायला लावणारा मोठा मुलगा – ही सर्व लहानमोठी जहाजेच आहेत, आणि प्रत्येकावर कोणी ना कोणी कप्तान आहे. आपण नेमाने प्रार्थना करतो, म्हणून आपल्या हातून जुलूम होणार नाही, असे नाही. आपल्या जहाजाच्या तळाशी कोण आहे, हे खाली उतरून पाहावे लागते. आणि पाहिल्यावर ते मंडळीसमोर सांगावे लागते, चाळीस वर्षे वाट न पाहता.

पुढच्या वेळी शब्बाथशाळेत ही गोष्ट सांगाल तेव्हा वादळ अवश्य सांगा. मुलांना वादळ आवडते. पण प्लँटेन बेटावरच्या त्या साखळदंडातल्या माणसांविषयीही सांगा. त्यांच्याजवळ सत्ता नव्हती, पुरेसे अन्न नव्हते, आणि शुभवर्तमानही बहुधा त्यांनी कधी ऐकले नसेल. तरी आपल्या घासातला घास त्यांनी एका परक्या आजारी मुलाला दिला. मुलांना विचारा, या गोष्टीत प्रभू येशूसारखे कोण वागले? आणि थोडा वेळ थांबा. उत्तर त्यांनाच देऊ द्या.